सुलोचनेचं गाऱ्हाणं

अंगणातल्या दोरीवर लुंगी वाळत होती, आणि ती सुलोचनेनं धुतलेली नव्हती.

ती पेडण्याच्या बाजारातून भाजी विकून केरीला घरी आली होती. रिकामी पाटी हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि त्या लुंगीकडे बघत राहिली. घरात माणसं दोन. त्यातल्या दुसऱ्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमाल कधी धुतला नव्हता. फेरीबोटीवर नोकरीला असताना मनगटाएवढा दोर तो एका हातानं झेलायचा, पण जेवलेलं ताट उचलायचं म्हटलं की त्याचा खांदा दुखायचा. आणि आज लुंगी! नुसती लुंगी नव्हे, बाजूला पंचा होता, चादर होती. पिळलेलं काहीच नव्हतं. पाणी निथळून खाली चिखल झाला होता.

"कोणी धुतल्यान ह्यां?" तिनं विचारलं.

दत्ताराम ओसरीवर खुर्चीत बसला होता. "मी," तो म्हणाला.

"कित्याक?"

"माका वाटलां."

"तुमका वाटलां! बोटीवर गंज चडलो, तेवा तुमका काय वाटूक नाय. घराचो वासो मोडलो, तेवा वाटूक नाय. आज लुंगयेची दया इली?"

दत्ताराम समोरच्या माडांकडे बघत बसला. ही त्याची जुनी खोड. घरात बोलायची वेळ आली की तो माडांकडे बघायचा.

गावात मात्र दत्तारामाचं बोलणं म्हणजे मोठी गोष्ट होती. कुणाची विहीर खोदायची असो, कुणाचं लग्न असो, नवी होडी पाण्यात उतरवायची असो, आधी देवाला मोठ्यानं सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे गाऱ्हाणं, आणि केरीत गाऱ्हाणं घालायचं ते दत्तारामानं. गावाच्या शिवेवर सातवीणीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे शिवेचा देव. काठी घेऊन फिरतो, परक्याला आत शिरू देत नाही असं सगळे मानतात. त्याला रोट, चिरूट आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू, ठेवायची, मग दत्तारामानं हात जोडून "बा राखणदारा" म्हणून सुरुवात करायची आणि मागे उभ्या राहिलेल्या पुरुषांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. त्याचा आवाज खाडीपलीकडे तेरेखोलला ऐकू जातो असं लोक कौतुकानं सांगत. सुलोचनेला या कौतुकाची चीड यायची. गावाचं भलं एका दमात मागणारा हा माणूस दुकानदारानं सडके कांदे दिले तर तेच पिशवीत घालून घरी आणायचा. बाजारात बसून तिनं एक जात पक्की ओळखली होती. ही माणसं प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतात आणि काहीच न घेता पुढं जातात. तोंडानं सगळं आणि हातून काही नाही, आपला नवरा त्यातलाच, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि ते तिनं कधी लपवलं नव्हतं.

एका लग्नात गाऱ्हाणं घालता घालता त्याचा आवाज फाटला. मग खोकला आला, मग खोकल्यातून रक्त. इस्पितळात गेल्यावर कळलं की फुफ्फुसात कॅन्सर आहे आणि तो कापून काढण्यासारखा राहिलेला नाही.

डॉक्टरीण कोल्हापूरकडची होती, अर्चना नावाची. वयानं त्यांच्या मुलीसारखी. तपासण्या झाल्यावर तिनं दोघांना समोर बसवून नीट समजावलं.

"काका, आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही शिरलं की त्या ओळखतात आणि मारतात. पण त्यांनी आपल्याच अंगावर हात टाकू नये म्हणून प्रत्येकीला एक लगाम असतो. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती पहारेकऱ्याचा तो लगाम ओढून धरते. पहारेकरी समोर उभा असतो, पण हलत नाही. आपण जे औषध देणार ते कॅन्सरला मारत नाही. ते फक्त लगामावरचा तो हात सोडवतं. पुढचं काम तुमचेच पहारेकरी करतात."

दत्तारामाचे डोळे चमकले. "म्हणजे राखणदार!"

"अगदी बरोबर, काका."

हे 'अगदी बरोबर' डॉक्टरणीनं म्हणायला नको होतं, असं सुलोचनेला तिथंच वाटलं. या माणसाला एकदा बरोबर म्हटलं की पुढचं त्याच्या कानात शिरत नाही. आणि पुढचंच तर महत्त्वाचं होतं. डॉक्टरीण सांगत होती की लगाम सुटलेला पहारेकरी कधी कधी आपल्याच घरच्यांना मारत सुटतो. कातडी, आतडी, फुफ्फुस, काहीही धरतो. अंगावर पुरळ आलं, धाप लागली, जुलाब सुरू झाले तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, लगेच यायचं. सुलोचनेनं मान हलवली. दत्तारामानंही हलवली, पण तो तेव्हा मनानं केरीला पोहोचलेला होता आणि सातवीणीखाली उभा राहून सगळ्यांना सांगत होता.

आणि त्यानं सांगितलंच. सलाईनसारखं ते औषध हाताच्या शिरेतून चढवून घरी आला, आणि ओसरीवर दरबार भरला. "माझ्या आंगात राखणदार उटवलोहा," हे वाक्य त्यानं इतक्यांना ऐकवलं की सुलोचनेला ते मीठ मोजतानाही ऐकू यायला लागलं. लोक यायचे, चहा प्यायचे, त्याच्या छातीकडे आदरानं बघायचे. त्याची भावजय गंगा गुळवेलीचा काढा घेऊन आली. राखणदाराला जोर येईल म्हणे. औषधाबरोबर दुसरं काही घ्यायचं नाही हे डॉक्टरणीनं बजावलं होतं. सुलोचनेनं काढा घेतला, गंगेला गोड बोलून वाटेला लावलं आणि तो परसातल्या पपईच्या मुळात ओतला.

सगळ्यात मोठा भक्त म्हणजे पुतण्या गौरेश, गंगेचा मुलगा. हा किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना भाड्यानं गाड्या द्यायचा, गळ्यात जाड साखळी घालायचा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यानं मोबाईलवर आधीच बघितलेली असायची. काकाच्या मागं उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणण्यात त्याचं बालपण गेलं होतं. त्यापलीकडे त्याला काही शिकवण्याचा प्रयत्न कुणी केला असेल तर तो फुकट गेला, असं सुलोचनेचं म्हणणं.

पण औषध लागू पडलं. हे तिलाही नाकारता येईना. काही महिन्यांनी फोटो काढला तेव्हा फुफ्फुसातली गाठ अर्धी झालेली होती. डॉक्टरणीनं ती पडद्यावर दाखवली. त्या दिवशी बसमध्ये सुलोचना खिडकीकडे तोंड करून बसली, कारण तिला रडू येत होतं आणि ते या माणसाला दाखवायचं नव्हतं. त्यानं एवढ्या आयुष्यात तिला दिलेलं सुख ओंजळभर असेल. तरी तो इतक्यात मरणार नाही हे कळून ती हरखली होती. याचा तिला स्वतःचाच राग आला.

आणि आता ही लुंगी.

तिनं पाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस आपण बघतच नाही. त्याचे डोळे आत गेले होते. ओठांवर पापुद्रे आले होते. गळ्याजवळची हाडं बाहेर आली होती.

"पोट बिगडलांहा?"

"नाय."

"माका फसयतास?"

"नाय म्हणान सांगलंय मगे!" तो ओरडला, पण ओरडणं अर्ध्यावरच संपलं आणि तो खुर्चीचे हात धरून उठला. मागच्या दाराकडे निघाला, भिंत धरून. बाथरूमपर्यंत पोचायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

तेवढ्यात गौरेश आला, हातात पावाची पिशवी आणि बाटली. तिला बघून त्यानं बाटली पाठीमागं नेली.

"ती खंय न्हेतंस?"

"राखणदाराक, काकी. काकानी सांगल्यानी."

"रोज?"

गौरेश बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर त्याला थांबायचं कळेना. काकांना बरेच दिवस जुलाब होताहेत. आता रक्तही पडतं. पण काका म्हणतात, राखणदार वाटेत भेटला आणि त्याची काठी लागली तर ती कुणाला दाखवायची नसते. गावातली ही जुनी रीत तिलाही माहीत होती. ज्याला काठी लागली त्यानं तोंड मिटून सोसायचं आणि सकाळी रोट नि सोरो ठेवून यायचं, बोंब मारली तर देव रुसतो आणि राखण सोडून जातो. काका म्हणतात, आता राखणदार आतून घाण बाहेर काढतो आहे, मध्ये बोलायचं नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही.

"आणि तू आयकलंस?"

"काकी, तू उगाच घाबरतंस. मी गूगलार बगलंय. साइड इफेक्ट इलो म्हणजे औषद लागू पडता."

"मगे गूगलाक सांग चादर धुवूक," सुलोचना म्हणाली. "डॉक्टरणीन सांगलेला तुझ्या काकान आयकूक नाय, कारण तेका स्वतःचो आवाज सोडून काय आयकूक येणा नाय. पण तुका कान आसत मां? का ते पण भाड्यान दिलेहस? गाडी काड."

गाडी होती ती वरून उघडी, लाल रंगाची, भाड्याच्या काळ्या पाटीची जीप. गौरेशकडे तेवढीच रिकामी होती. त्या जीपमध्ये मागच्या सीटवर दत्तारामाला आडवा घालून, त्याच्याखाली गोणपाट आणि जुनी साडी अंथरून, सुलोचना त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. वाटेत किनाऱ्यावरून परतणाऱ्या पोरांनी हात हलवून त्यांना "हाय" केलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा पिऊन पडला आहे. तिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की एकाचा हात वरच राहिला.

इस्पितळात त्याला वॉर्डात घेतलं, सलाईन लावलं, तपासण्या झाल्या. अर्चना डॉक्टरीण आली ती चेहरा ताठ करूनच.

"काका, मी काय सांगितलं होतं? तुमच्या आतड्याला आतून सगळीकडे सूज आली आहे, जखमा झाल्या आहेत. हे त्या औषधानं मोकळ्या सोडलेल्या पहारेकऱ्यांचं काम आहे. आता त्यांना शांत करायला स्टेरॉईड द्यावं लागेल, शिरेतून, आत्ताच. उशीर केला तर आतडं फुटेल."

"शांत करूक म्हणजे?" दत्तारामानं विचारलं.

"त्यांचा जोर कमी करायचा."

"म्हणजे राखणदाराक निजवतलास." तो थकून बोलत होता, पण हट्ट जागा होता. "तो निजलो काय चोर उटतलो. माका नको."

डॉक्टरणीनं पुन्हा सांगितलं. चोराची भीती आहे, नाही असं नाही, पण चोर पुढच्या वर्षी येईल, घर आज पडतं आहे. फार चांगलं सांगितलं तिनं. पहिल्यांदाही चांगलंच सांगितलं होतं. दत्तारामानं सलाईन नसलेला हात छातीशी दुमडून धरला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी तुम्हाला जबरदस्ती करू शकत नाही, काका," ती म्हणाली. मग बाहेर येऊन सुलोचनेला हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा. फार वेळ नाही आपल्याकडे."

सुलोचनेनं सांगितलं. तिला येत होतं त्या सगळ्या तऱ्हांनी सांगितलं. शिव्या दिल्या, मुलीची शपथ घातली, साखळी गावात लग्न करून दिलेल्या लेकीला फोन लावून त्याच्या कानाशी धरला. लेक पलीकडून रडत होती. तो भिंतीकडे बघत राहिला. तिनं आयुष्यभर त्याला इतकं बोलून घेतलं होतं की तिचा आवाज त्याला आता समुद्राच्या गाजेसारखा झाला होता, असतो आणि ऐकू येत नाही. गौरेश पायाशी उभा राहून नख खात होता. "काकी, काका म्हणतत ता पण..." एवढं म्हणून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि वाक्य गिळलं.

ती स्टुलावर बसली. तिला भीती वाटत होती. हा माणूस मरणार, आणि मरणार तो कॅन्सरनं नव्हे, अडाणीपणानं. उद्या गावात सगळे म्हणणार, राखणदारानं नेला, मोठं भाग्य. त्या भाग्याचे चहा तिला करावे लागणार.

शेजारच्या खाटेवर भैरू नावाचा माणूस होता. चंदगडकडचा, इथं बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं. तो मघापासून सगळं ऐकत होता.

"मावशी," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला देवाचंच ऐकाय येतंय. माणसाचं न्हाई. तुमी कशाला घसा फोडून घेताय?"

सुलोचनेनं त्याच्याकडे रागानं बघितलं. मग तिचा राग थांबला. ती उठली. पदर कमरेला खोचला, नंतर तो पुन्हा सोडून डोक्यावर घेतला. खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले, नवऱ्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या पोटाकडे बघून.

"बा राखणदारा, शिमेच्या धन्या!"

वॉर्डातली बडबड थांबली. दत्तारामाची पाठ हलली.

"ह्या माणसाच्या पोटात जो कोण उटान बसलोहस, तो तूच आसशीत तर आयक. आजपर्यंत ह्यो बोललो, मी गप रवलंय. बायलेन गाराणां घालूचां नसता म्हणतत. नसांदे. जेका घालूक येता, तो हंय भिंतीकडे तोंड करून पडलोहा."

गौरेशच्या तोंडून, त्याला कळायच्या आधीच, बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा."

"तुका जागो केलो तो चोराक धरूक. धरलंस. अर्दो मारलंस. तुझे उपकार मी मानतंय, खोटां कित्याक बोला! पण मगे तू काय केलंस? उरलेलो चोर गावना म्हणान घरच्यांक मारूक लागलंस? ह्येच्या आतड्यान तुझां काय खाल्लां?"

"व्हय म्हाराजा." या वेळी भैरूही म्हणाला. पोटाला हात लावून, टाके सांभाळून.

"रोट खाल्लंस, सोरो पिलंस, चिरूट ओडलंस. खावन पिवन मालकाचांच घर मोडतंस? अशी राखण करतलंस तर माझ्या दारातलो कुत्रो तुझ्यापरीस बरो. तो निदान माझी पाटी वळाखता! लाज वाटूक होयी तुका."

"व्हय म्हाराजा!" आता समोरच्या रांगेतले दोघंतिघं होते. दारात परिचारिका ट्रे घेऊन थबकली होती, आणि तिच्यामागं डॉक्टरीण.

"आता ही पोर तुका बसवूक इलीहा. मारूक नाय, बसवूक. चोराचां तोंड तू बगलंस. परत दिसलो तर वळाखशीत, येवढी तरी अक्कल तुका आसतली. काठी बाजूक ठेव, पाणी पी, बस. आणि ह्या माझ्या घोवाक सोड."

"व्हय म्हाराजा!"

सगळे दत्तारामाकडे बघत होते. तो हळूहळू वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कपाळावर आठी होती. ती आठी सुलोचनेच्या ओळखीची होती. दुसऱ्या गावचा कुणी गाऱ्हाणं चुकला की ती यायची.

"नाव," तो म्हणाला.

"काय?"

"नाव घेवक नाय तू. ज्येच्यासाटी घालतंस त्येचां नाव होया. 'घोव' म्हटल्यार तो कोणाक सोडतलो? जगात घोव काय थोडे आसत?" बोलताना त्याला धाप लागली. "नावाशिवाय गाराणां पोचणा नाय."

सुलोचनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरायला टेकला आहे आणि चुका काढतो आहे! नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर तिच्या जिभेला ते नाव शिवलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, या इस्पितळाच्या खिडकीवरही कुणी विचारलं की ती शेजारच्याला पुढं ढकलायची. घरात तर 'आयकलां?' एवढ्यावर संसार झाला होता. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणाऱ्या बाईचं तिनं स्वतः बाजारात बसून हसं केलं होतं. आणि हा माणूस आता, गौरेशच्या देखत, चंदगडच्या सेंट्रिंगवाल्याच्या देखत, तिच्याकडून नाव मागत होता.

तिनं त्याच्याकडे बघितलं. ओठ फुटलेले होते. चादरीवर पुन्हा डाग पडायला लागला होता आणि तो गुडघा वर घेऊन डाग झाकायचा प्रयत्न करत होता.

"दत्ताराम," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच परका वाटला. घसा खाकरून ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, खाडी ओलांडेल असं. "दत्ताराम!"

"खंयचो?"

"केरयेचो. फेरीबोटीवरलो." ती थांबली. "सुलोचनेचो."

वॉर्डात कुणीच साथ दिली नाही. गौरेशसुद्धा विसरला. जन्मभर दत्ताराम गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या जागी उभा राहिलेला होता. मागं उभं राहून उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि दुमडलेला हात त्यानं परिचारिकेपुढं लांब केला.

स्टेरॉईड लागू पडलं. आधी रक्त थांबलं, मग जुलाब. पुढं कितीतरी दिवस गोळ्या हळूहळू कमी करत न्याव्या लागल्या. त्या गोळ्यांनी त्याचं तोंड सुजून गोल झालं आणि भूक अशी लागायची की सुलोचना म्हणायची, राखणदार पोटातून गेला आणि त्याच्या जागी बैल आला.

ते पहिलं औषध मात्र कायमचं बंद झालं. पुन्हा दिलं तर या वेळी निभावणार नाही, असं डॉक्टरणीनं सांगितलं. फुफ्फुसातली गाठ अर्धी आहे ती तशीच आहे. पहारेकऱ्यांना एकदा चोराची ओळख पटली की काहींच्या बाबतीत औषध बंद केल्यावरही ती टिकते, काहींच्या टिकत नाही. कुणाची टिकेल ते आधी सांगता येत नाही. "बघूया," ती म्हणाली. सुलोचनेनं मान हलवली. बाजारात "बघूया" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं तिनं पाहिलं नव्हतं, पण हे ती डॉक्टरणीला बोलली नाही.

दत्तारामाचा आवाज परत आला नाही. छातीत तेवढा दमच राहिला नाही. गावाचं गाऱ्हाणं आता गौरेश घालतो, मोबाईलवर उतरवून घेतलेलं, आणि मध्येच कुणाचा फोन आला की देवाला थांबायला लावतो. पुरुष तरीही मागून "व्हय म्हाराजा" ओरडतात. त्यांचं काय, ते कशालाही ओरडतील. दत्ताराम सगळ्यांच्या मागं सातवीणीला टेकून उभा राहतो, त्याचे ओठ हलतात, आणि परत येताना घराच्या चढावर तो दोनदा बसतो.

त्या दिवसानंतर सुलोचनेनं त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. त्यानंही कधी विषय काढला नाही. तो ओसरीवर माडांकडे बघत बसलेला असतो, ती आत भाजीच्या जुड्या बांधत असते, आणि मधूनच तो मान वळवून विचारतो.

"हाक मारलंस गो?"

"नाय. माका काय कामां नाय?"

"बरां," तो म्हणतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतो.